बापाचं हसवणारं चित्र

बद्रीनाथ औरंगाबादेत फळझाडांच्या एका सरकारी कचेरीत चित्रकार होता. मोसंबीच्या पानावर कसले डाग पडले, पेरूला कोणती अळी लागली, हे हुबेहूब काढायचं आणि ते छापून खेडोपाडी जायचं, एवढंच काम. पण गडी हाडाचा चित्रकार. रोज पहाटे बेगमपुऱ्यातल्या खोलीतून निघून तो हिमायतबागेत जाऊन बसायचा आणि कचेरीची वेळ होईतो वही भरायचा. आंब्याची खोडं, खारी, पाटातलं पाणी, ढेकळांत किडे टिपणारा हुदहुद. झाडांचं चित्र तो फार मायेनं काढी.

माणसांचं मात्र तसं नव्हतं. दुपारी डबे उघडले की लोक म्हणत, “बद्रीनाथ, आज कुणाला धरलंत?” आणि तो चार रेघांत कुणालातरी धरी. हेडक्लार्कचे पुढं आलेले दात, टायपिस्टाची घसरती विजार. शिपाई फकिराच्या गळ्याला आवाळू होतं. बद्रीनाथनं एकदा त्या जागी दोरीनं बांधलेली घागर काढली. कचेरी लोळून हसली. फकिराही हसला. त्या दिवसापासून त्याला ‘घागर’ हे नाव पडलं आणि ते त्याच्या गल्लीपर्यंत गेलं. बद्रीनाथला त्यात काही वाटलं नव्हतं. आवाळू होतंच की, आपण थोडंच लावलं, असं त्याचं म्हणणं.

मग त्यानं साहेबाला काढलं. मधुसूदनराव पेडगावकर अंगानं उंच, बारीक, मान पुढं काढून चालणारे. बद्रीनाथनं त्यांना फायलींच्या चिखलात एका पायावर उभा बगळा केला. कागद हातोहात फिरला आणि फिरत फिरत नेमका साहेबांच्या टेबलावर गेला. पंधरा दिवस साहेब एक शब्द बोलले नाहीत. बद्रीनाथची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करण्याचा कागद त्यांच्याच सहीसाठी पडून होता. त्याला रात्रंदिवस धास्ती लागली.

पौष महिना होता. देवगाव रंगारीहून त्याचा बाप कारभारी हुरडा घेऊन आला, सगळ्या कचेरीला पुरेल एवढा. लेक सरकारात चित्रं काढतो याचा म्हाताऱ्याला कोण अभिमान. धुतलेला पटका बांधून, धोतराचा सोगा सावरत तो दारात उभा राहिला.

साहेब स्वतः बाहेर आले. कारभारीला खुर्ची दिली, चहा मागवला. मग सगळ्यांना बोलावून म्हणाले, “बद्रीनाथ, माझं चित्र पाहिलं मी. रागावलो नाही, मला कलेची कदर आहे. आज वडील आलेत. त्यांचंही काढा.”

“काढतो साहेब. चांगलं मोठं...”

“चांगलं नको. आमची काढता तशातलं. आत्ता, इथंच. नाहीतर लोक म्हणतील, बद्रीनाथ दुसऱ्यांचीच थट्टा करतात. आणि हो, तुमचा तो कागद माझ्यापुढंच आहे. आज सगळीच कामं उरकून टाकू.”

कारभारीला बोलण्यातली खोच कळली नाही. तो कौतुकानं म्हणाला, “काढ की बद्री. साहेब एवढं म्हनत्यात.” आणि फोटोला बसावं तसा दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला.

बद्रीनाथनं पेन्सिल घेतली. उगाच कायतरी खरडायचं, बिघडवून द्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण पहिली रेघ पडली आणि हात आपल्या वाटेनं निघाला. बसकं नाक, खोल गेलेले गाल, आणि पटक्याच्या कडेला तो डावा कान. खालची पाळी चिरून दोन तुकडे झालेला. रझाकारांच्या धामधुमीत चौघांनी कारभारीला गावच्या चावडीपुढं पाडून कानातली बाळी हिसकली होती. बारा वर्षांचा बद्री तेव्हा कणगीमागून बघत होता. घरात त्या कानाबद्दल पुन्हा कुणी कधी बोललं नाही.

कागदावर तो कान वाढत गेला. सुपाएवढा झाला, मधोमध फाटला, आणि त्याखाली एवढासा म्हातारा हात जोडून उभा राहिला. बद्रीनाथनं पेन्सिल ठेवली तेव्हा त्याला एवढंच कळलं, की आजवर आपल्या हातून इतकं नेमकं चित्र उतरलं नव्हतं.

साहेबांनी ते उचलून सगळ्यांना दाखवलं. हशा फुटला. सगळ्यांत मोठ्यानं फकिरा हसला, बद्रीनाथच्या डोळ्यांत डोळे घालून.

“काका, कानाला काय झालं हो?” कुणीतरी विचारलं.

“बैलानं शिंग मारलं,” कारभारी म्हणाला. त्याचा हात वर गेला आणि पटका कानावर ओढून खाली आला. “लई बेस काढलं. घ्या, हुरडा घ्या समद्यांनी.”

लोकांनी हुरडा खाल्ला. गोड आहे म्हणाले. साहेबांनी चित्र सूचनाफलकावर लावायला सांगितलं आणि आत जाऊन कागदावर सही केली.

बद्रीनाथ बापाला सोडायला एसटी स्टँडापर्यंत गेला. गाडी लागल्यावर बद्रीनाथ म्हणाला, “दादा, मला काढायचं नव्हतं. साहेबानं काढायला लावलं.”

“साहेबानं चित्र काढ म्हनलं,” कारभारी म्हणाला. “कान काढ असं नव्हतं म्हनलं.”

तो गाडीत चढला. खिडकीशी बसला, पण उजव्या बाजूच्या, डावा कान बाहेरून दिसू नये असा.

त्यानंतर कारभारी शहरात आला नाही. लेक गावी गेला की जेवलास का, पाऊस कसा आहे, एवढंच विचारी, आणि त्याच्यापुढं पटका काढत नसे. चित्र कचेरीच्या फलकावर तसंच होतं. बद्रीनाथ रोज त्याच्यासमोरून जाई. चार टाचण्या काढायला किती वेळ लागतो, पण साहेब बघतील म्हणून त्यानं हात लावला नाही. पुढं भिंतीला चुना दिला तेव्हा ते गेलं.

दोन वर्षांनी कारभारी तापानं गेला. त्याचा फोटो असा कधी निघालाच नव्हता. बद्रीनाथची माय मनकर्णाबाई म्हणाली, “तेराव्याला पाटावर ठेवाया तुझ्या दादाचं चित्र काढ. तुला तर येतं.”

तो ओसरीवर बसला. एक दिवस, दोन दिवस. डोळे नीट यायचे, मिशा यायच्या. मग कानाशी आला की पेन्सिल तो फुगवूनच काढायची. झाकावा म्हणून पटका खाली ओढला, तर पटक्याखालून कान दिसतोय असं त्याला वाटायचं. उजवीकडून काढला, तर तो चेहरा बापाचा वाटेना. फाडलेल्या कागदांचा ढीग मायनं चुलीत घातला. घालण्याआधी त्यातला एक चुरगळलेला कागद उलगडून तिनं बराच वेळ पाहिला.

“असा दिसत व्हता का रे तुला तो?” तिनं विचारलं.

बद्रीनाथनं पेन्सिल वहीत घालून वही मिटली.

तेराव्याला पाटावर नुसता नारळ ठेवला. जेवायला आलेल्या वच्छलाबाई आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, “पोरगा सरकारात चित्रं काढतो म्हणं. बापाचं एक नाय झालं त्याच्यानं?”

“त्याला झाडंच येत्यात,” मनकर्णाबाई म्हणाली आणि पंगतीत भात वाढायला पुढं गेली. बद्रीनाथच्या पत्रावळीशी आली तेव्हा ती थांबली नाही.