दोन बावीस आणि इराचा अंबाडा

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत आम्ही आज्या संध्याकाळी बाकावर बसतो. नातवंडांचे किस्से असे साठतात की कुकर लावायचा राहून जातो. यंदा मात्र शाळेतून मुलांच्या वजन-उंचीची कार्डं आली आणि सगळा बाकच गोंधळला.

*

माझी नात इरा, नऊ वर्षांची. मला वाचता येत नाही, म्हणून तिचं कार्ड शेजारच्या फिलोमिनाबाईंनी वाचलं. "बीएमआय बावीस. जास्त आहे म्हणे."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझा काढलेला. माझाही बावीस. मला म्हणाले, "आजी, झकास."

मी बाईंना म्हटलं, "एका घरातले दोन बावीस. एक पास, एक नापास?"

फिलोमिनाबाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. "थांबा, चष्मा बदलून बघते."

*

त्यांचा नातू जेसन म्हणजे अगरबत्तीची काडी. त्याच्या कार्डावर 'योग्य'. बाई रुसल्याच. थेट शाळेत गेल्या. "रोज केळी घालते, सुकट घालते, तरी बरगड्या मोजून घ्या. आणि तुम्ही योग्य म्हणता?"

*

इकडे इरानं दुसरी पोळी सोडली. मग पहिलीही अर्धी. डबा भरलेलाच परत येऊ लागला.

सून म्हणाली, "आई, तिला आग्रह करू नका. रागावूही नका."

मग करू काय, ते कोणी सांगेना.

*

एवढं कळलं की त्या आकड्यात उंचीही धरतात. वजन तेवढंच राहून उंची वाढली की आकडा उतरतो. म्हटलं, हे तर सोपंय. शाळेत पुन्हा मोजणार होते, त्या दिवशी इराच्या टाळूवर चार बोटं उंच अंबाडा घातला.

नर्सबाईंनी पट्टी टेकवली, अंबाडा दाबून सपाट केला आणि इराला म्हणाल्या, "आजीला सांग, केस मोजत नाही आम्ही."

*

शेवटी ठाण्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तक्ता दाखवला. मुलांचा आकडा वय बघून, मुलगा की मुलगी ते बघून लावायचा. मोठ्यांचं माप त्यांना नाही. उपाशी ठेवायचं नाही, खेळू द्यायचं, उंची वाढते आहे. मी मान हलवली. कळलं निम्मं.

मग त्यांनी इराला जवळ घेतलं. "जेवत का नाहीस गं? शाळेत कोणी चिडवतं का?"

"शाळेत नाही," इरा म्हणाली. "आजी भोपळा म्हणते. पण लाडानं म्हणते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तक्त्याकडे.