सुभेदारांचं पितळी मीटर

आमच्या शेजारच्या सुभेदारांइतका चाकातल्या हवेवर जीव टाकणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात, लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन ते साताऱ्यात आमच्या शेजारी राहायला आले. मूळचे माण तालुक्यातले. "जयभीम, मास्तर," हे म्हणायचे मला, पण बघायचे माझ्या जुन्या गाडीच्या चाकांकडे. औंधला एका लग्नात नवरानवरी जीपमध्ये बसली, तर हे पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी मागच्या चाकाला कान लावून धुळीत बसलेले! "हवा भरल्याबिगर गाडी हलायची न्हाई," असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा नवरीची आई रडायची थांबून त्यांच्याकडे पाहतच राहिली. पाठवणी हवा भरूनच झाली. त्यांच्या खिशात मऊ फडक्यात गुंडाळलेलं, हवा मोजायचं एक पितळी मीटर असे. पेट्रोल पंपांवरची झाडून सगळी मीटरं थापाडी, खरं बोलणारं काय ते हे एकटंच, यावर त्यांची श्रद्धा होती.

माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी तिला सांगलीला माहेरी पोचवायचं होतं. नेमकं त्याच आठवड्यात गाडीचं पुढचं डावं चाक मला दगा देऊ लागलं. पंपावर हवा कमी दाखवायचे, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून "काही नाही" म्हणायचा, आणि सुभेदार आपलं मीटर लावून "ठणठणीत हाय" असा निकाल द्यायचे. निघायच्या सकाळी बायको पायरीवर बसून म्हणाली, "काका, मला भीती वाटतीय हो." तेवढ्यानं ते हलले. त्यांनी मीटर पुन्हा चाकाला लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, डिकीतल्या पार सपाट झालेल्या स्टेपनीला लावलं. काटा पहिल्याइतकाच वर गेला. सुभेदारांनी मीटरवर टिचकी मारून पाहिली, तरी काटा जागचा हलेना.

"मास्तर," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "थापा माझंच मीटर मारतंय. पोरीला मी ह्याच्या भरवशावर धाडत होतो."

मग त्यांनी स्वतः ट्यूब काढली, हवा भरून बादलीत बुडवली. बुडबुडा नाही. पण व्हॉल्व्ह बोटानं जरा वाकवला, तसा त्याच्या बुडाशी बुडबुड्यांचा गजराच फुटला. चिरलेलं होतं ते. गाडी धावताना ताण आला की उघडायचं, थांबली की मिटायचं. नवी ट्यूब घालून झाल्यावर सुभेदार न विचारताच पुढच्या सीटवर बसले. कराडला उतरून चाक पाहिलं, इस्लामपूरला पाहिलं. सांगली आली तेव्हा बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. गाडी थेट दवाखान्यात नेली आणि दुपारी आम्हाला मुलगी झाली. वाटेत चाक बसलं असतं तर, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

सुभेदारांनी तिला दारातूनच पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "आवं, घ्या की जरा." त्यांनी हात मागे लपवले. "ग्रीसनं काळं झाल्यात. फुडल्या खेपंला घेतो," म्हणाले आणि जेवायलाही न थांबता एस.टी. स्टँडकडे गेले.

आम्ही पोरीला घेऊन साताऱ्याला परतेपर्यंत ते गावी माणात राहायला गेले होते. जाऊ, जाऊ म्हणत आमचं जाणं लांबलं, आणि एके दिवशी ते गेल्याचीच बातमी आली. पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती त्यांच्या हातात द्यायची तेवढी राहून गेली.