मोठीचं माहेर

आमच्या मामाला माणसं लक्षात राहत नाहीत, शर्ट राहतात. लाँड्रीच्या काउंटरवर समोरच्याचं तोंडही न बघता तो "कॉलर विरलेला निळा, बाहीवर शाई" असं पुटपुटतो आणि नेमका गठ्ठा काढतो. अशा माणसावर घराण्याचा शोध घ्यायचं काम पडावं, हे आमचं नशीब. पण सांगणारी त्याची आई होती, म्हणजे माझी आजी, आणि ती दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती.

"मोठीचं माहेर शोध," ती म्हणाली. "मी जायच्या आधी कळू दे, आपण कुणाच्या ते."

मोठी म्हणजे आजीची आजी. कडेवर लेक घेऊन ती एकटीच या गावात आली आणि लोकांचे कपडे धुऊ लागली. लाँड्री तिची. दुकान पुढे लेकीकडे गेलं, लेकीकडून आजीकडे आलं. पुरुष आमच्याकडे जावई म्हणूनच आले, त्यामुळे वंशावळीचा पार विचका. मामानं पुडे बांधायच्या खाकी कागदावर रेघा ओढल्या, तर दोन पिढ्यांत तीन 'धाकट्या' निघाल्या, एका काकांचं लग्न त्यांच्याच सासूशी लागलं, आणि एवढं करून मोठीच्या वरची जागा कोरीच. तिचं खरं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

"मामा, सोड ना नाद," मी म्हटलं.

"तू बोलू नकोस. तू कागदावर अजून जन्मलेली नाहीस."

मोठीची म्हणून घरात एकच वस्तू होती, एक जाड पांढरी चादर. कोपऱ्यात लाल दोऱ्याच्या तीन फुल्या आणि खाली एक गोल. आजी ती पायांवर घेऊन पडून असायची. चादर मोठीनं माहेराहून आणली, असं घरात सगळेच धरून चालले होते. का, ते कुणी विचारलं नाही.

एक दिवस पलीकडच्या गल्लीतले घड्याळजी जुन्या पेटीतला टेबलक्लॉथ धुवायला घेऊन आले. मामानं तो उलगडला आणि त्याचा हात थांबला. तीन फुल्या, खाली गोल.

"ही खूण कुणाची?"

"आमच्याच घरची असणार. माझ्या आजीच्या सगळ्या कपड्यांवर आहे."

मामानं दुकान उघडं टाकून टेबलक्लॉथसकट त्यांना हाताला धरून आत नेलं. "आई, मोठीच्या माहेरचा माणूस आणलाय."

घड्याळजी भांबावले. सत्तरीचा एकटा माणूस, मुलगी परदेशात. आजीनं त्यांचा हात धरला, मोठीबद्दल विचारत राहिली. त्यांना ओ की ठो माहीत नव्हतं. ते आपले "असेल, असेल" म्हणत राहिले. निघताना मात्र म्हणाले, "येतो, ताई." आणि खरंच रोज दुपारी येऊ लागले. मामानं कागदावर त्यांना चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. ते मोठीचे कोण, हेच बसेना.

घोटाळा उकलला मामीनं. ती उशीच्या अभ्र्यांची घडी घालता घालता म्हणाली, "अहो, पण घरच्या कपड्यांवर कधी खूण असते का?"

मामा बघतच राहिला. हल्ली आम्ही कागदाची चिठ्ठी टाचतो. पूर्वी कपडे मिसळू नयेत म्हणून लाँड्रीतच प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खूण दोऱ्यानं घालत. लग्न होऊन आल्यावर मामीला आजीनंच तो टाका शिकवला होता. म्हणजे फुल्या मोठीनं स्वतः घातलेल्या. चादर घड्याळजींच्या आजीची, न्यायची राहून गेलेली. मामानं मोठ्या मेहनतीनं माहेर नाही, गिऱ्हाईक शोधून काढलं होतं.

मला हसू आलं, आणि मग मामाचं तोंड बघून फार वाईट वाटलं. तो आत गेला आणि आजीसमोर उभा राहिला.

"कळलं वाटतं तुला," आजी म्हणाली. "टाका आपला आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. टेबलक्लॉथवर बोट फिरवलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तो ताई म्हणाला." तिचे डोळे भरून आले. "मोठीचं माहेर गेलं ते गेलंच रे. आता नाही सापडायचं. पण त्याला फसवायचं नाही. मीच सांगते."

दुपारी घड्याळजी आले. आजीनं चादर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चादरीचा कोपरा उलगडून फुल्या पाहिल्या.

"मी मुलीला फोन करून सांगितलं, मला बहीण मिळाली म्हणून," ते म्हणाले. "आता तिला काय सांगू?"

आजीनं चादर परत आपल्याकडे ओढली.

"ही अजून इस्त्रीची राहिलीय. उद्या ये."

"अगं, इस्त्री केलेलीच—" मामानं तोंड उघडलं. मामीनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.