पाऊण इंचाची ॲलर्जी

गल्लीतल्या सगळ्यांची ती टेलरमावशी. बत्तीस वर्षं एकाच खोलीत, एकाच मशीनवर तिनं बायकांचे कपडे शिवले. तोंडाची फटकळ आणि नजरेची पक्की. समोरची बाई बसायला खुर्ची शोधेपर्यंत मावशीनं डोळ्यांनीच तिच्या खांद्याचं माप घेतलेलं असायचं. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "फिटिंगला बरेच आले, बसला एकही नाही."

तिची थोरली बहीण अक्का. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तळमजल्यावरून गप्प करायची. एका सकाळी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. उरले मोजून चार-पाच शब्द.

अक्काचा मुलगा मोठ्या कंपनीत मोठा साहेब. त्याच्या घरात चार खोल्या होत्या. एक झोपायची, एक पाहुण्यांची, एक ऑफिसच्या कामाची आणि एक व्यायामाच्या यंत्राची. यंत्राला हलवणं अवघड होतं, आईला सोपं होतं. त्यानं खूप चौकशी करून एक वृद्धनिवास निवडला. चौकशी म्हणजे माहितीपत्रकातले फोटो पाहिले. फोटोत म्हातारी माणसं हसत होती.

मावशी दर गुरुवारी जायची. भेटायची वेळ चार ते पाच, तीही आदल्या दिवशी फोन करून. दाराशी मोठी काचेची टाकी होती आणि तिच्यात लाल मासे. शेजारी तक्ता टांगलेला: माशांना खाणं सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. मासे चांगले गुबगुबीत होते.

अक्का मात्र आटत चालली होती. तिचे गाऊन मावशीच शिवायची. पहिल्या महिन्यात गळा खांद्यावरून घसरायला लागला, तेव्हा मावशीनं माप घेऊन बाजू आत घेतल्या. महिन्याभरानं पुन्हा. चौथ्या महिन्यात छातीचं माप अडतीसवरून साडेबत्तीसवर आलं. सवयीप्रमाणे तिनं प्रत्येक वेळी वहीत तारीख घालून माप लिहिलं होतं.

व्यवस्थापिकाबाई कायम हसतमुख. तिच्या टेबलामागे भिंतभर प्रमाणपत्रं.

"वय झालं की शरीर लहान होतं," ती म्हणाली.

"चार महिन्यांत साडेपाच इंच? मग वर्षभरात अक्का पाकिटात घालून घरी न्यायची का?"

बाई हसली. मावशीचं कौतुक वाटल्यासारखी हसली.

त्याच दिवशी मावशीनं अक्काच्या बाह्या वर केल्या. दोन्ही मनगटांवर लालसर पट्टे.

"ॲलर्जी," परिचारिका म्हणाली. "मलम लावतो आम्ही."

मावशीनं चष्मा लावला, गळ्यातली टेप काढली आणि मोजलं. "ही ॲलर्जी पाऊण इंच रुंद आहे. दोन्ही हातांना सारखीच आहे. आणि हिच्यात विणीची नक्षी उमटलीय. पलंगाच्या पट्टीची असते ना, तशी."

परिचारिकेनं अक्काच्या बाह्या खाली ओढल्या.

मग मावशीला एकेक दिसायला लागलं. पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला, पण ठेवलेला उजवीकडे, हलत नसलेल्या हाताच्या बाजूला. कुशीवर वळवल्यावर पाठीवरची उघडी जखम आणि तिचा वास. आणि पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला नोंदीचा कागद. त्यावर लिहिलं होतं: 'रात्री आठ. सूप घेतलं. आवडीनं जेवल्या.' खाली सही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते. सूप अजून चुलीवर चढलं नव्हतं, आणि अक्काला ते आवडूनही झालं होतं.

मावशीनं मोबाईलवर फोटो काढले. मनगटांचे, पेल्याचे, पाठीवरच्या जखमेचे, कागदाचे. एक फोटो तर कागद आणि घड्याळ दोन्ही येतील असा.

भाच्याला दाखवले तेव्हा त्यानं ते एकदा बोटानं सरकवून पाहिले. मग म्हणाला, "मावशी, बोभाटा नको. ते लोक अनुभवी आहेत. मी त्यांच्याशी बोलतो." तो बोलला. निवासानं मावशीची गुरुवारची भेट 'रुग्णाच्या मनःशांतीसाठी' बंद केली.

मावशीच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई होती. झेरॉक्सच्या दुकानावर तिचं कार्यालय, खुर्च्या दोन, एक मोडकी. तिनं फोटो पाहिले आणि मावशीनं शिव्या घालून होईपर्यंत थांबली.

"आधी माणूस बाहेर काढायचं, मग भांडायचं," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे फोटो आहेत हे आता आणखी कोणाला सांगू नका. नाहीतर कागद बदलतील."

"पण भाच्याच्या सहीशिवाय ते सोडणार नाहीत."

"अक्कांना तिथं राहायचंय का, हे अक्कांना कोणी विचारलंय?"

मावशीनंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई एका डॉक्टरांना घेऊनच गेली. व्यवस्थापिकेनं नियम सांगितले. वकीलबाईनं शांतपणे कायदा सांगितला: अक्का शुद्धीवर आहे, तिला समजतं, तिच्या मनाविरुद्ध तिला कोणी अडवून ठेवू शकत नाही. डॉक्टरांनी अक्काला तारीख, तिचं नाव, मुलाचं नाव, प्रत्येकाचे दोन-तीन पर्याय देत विचारलं. तिनं डोक्यानं हो-नाही करत सगळं बरोबर सांगितलं. मग वकीलबाईनं विचारलं, "इथून जायचंय?"

"हो," अक्का म्हणाली. शब्द इतका स्पष्ट आला की ती स्वतःच दचकली. अर्जावर तिनं डाव्या हातानं सही केली. चाळीस वर्षं मुलांची अक्षरं सुधारलेल्या बाईची सही पहिलीतल्या पोरासारखी वाकडी आली, पण आली.

इस्पितळात दोन खोल जखमा निघाल्या, अंगात पाणी नव्हतं, वजन घटलेलं. डॉक्टरांनी सगळं लिहून दिलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं हा घरगुती मामला असल्याचं निदान तक्रार न वाचताच केलं. वकीलबाईनं पोचपावतीचा शिक्का मिळेपर्यंत त्याच्या टेबलासमोर ठिय्या दिला. परवाना देणाऱ्या खात्याकडे दुसरी तक्रार गेली, न्यायालयात अक्काच्या नावानं नुकसानभरपाईचा दावा. खात्याचा अधिकारी तपासणीला गेला, पण आधी पत्र पाठवून. त्याला सगळं उत्तम आढळलं. मासेही आवडले असावेत.

अक्का मावशीकडे, त्या एका खोलीत आली. मशीन भिंतीला सरकवलं आणि पलंग बसला. हळूहळू अंग भरलं. गाऊनच्या शिवणी उसवून सैल कराव्या लागल्या. मावशी म्हणायची, इतक्या आनंदानं तिनं आपलं काम कधी उसवलं नव्हतं.

दावा उभा राहिला तेव्हा निवासाच्या वकिलानं मावशीला विचारलं, "आपण डॉक्टर आहात का?"

"नाही. शिंपीण."

"मग वजन घटलं हे आपल्याला कसं कळलं?"

"साहेब, डॉक्टर वजन करतात, मी माप घेते. तुमच्या कोटाचं बटण ओढ खातंय, म्हणजे तो शिवल्यापासून तुम्ही दोन इंच वाढलात. हे सांगायला डॉक्टर कशाला?"

न्यायाधीशांनी वही मागून घेतली आणि पानं उलटून पाहिली.

तारखा पडत गेल्या. दोन तारखांच्या मध्ये, एका दुपारी, मशीन चालू असताना अक्का झोपेतच गेली. निवासाच्या वकिलाला फार वाईट वाटलं. इतकं, की पुढच्याच तारखेला त्यानं वादी हयात नसल्यानं दावा निकाली काढावा अशी विनंती केली.

"वारसानं नाव लावलं तर दावा चालेल," वकीलबाई म्हणाली. "वारस मुलगा."

मावशी भाच्याच्या घरी गेली. तो व्यायामाच्या खोलीत होता. यंत्रावर कपडे वाळत घातले होते. ती काही बोलायच्या आत त्यानं हात पुढे केला. "कुठे सही करायची?"

साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला विचारलं गेलं, की आईची इतकी काळजी होती तर चार महिन्यांत तो किती वेळा भेटायला गेला.

"दोनदा," तो म्हणाला. "दोन्ही वेळा घाईत होतो. मनगटं पाहिली नाहीत." वकिलानं पुढचा प्रश्न टाकला, पण भाच्याचं आधीचंच उत्तर संपलं नव्हतं. "मावशीनं फोटो दाखवले, तेव्हा मी यांच्यावर विश्वास ठेवला. कारण ते सोयीचं होतं."

त्यानंतर ती परिचारिका साक्षीला आली. तिनं नोकरी सोडली होती. एका पाळीत बेचाळीस माणसांना दोघीजणी, आणि दिवसभराच्या नोंदी दुपारीच भरून टाका असा व्यवस्थापिकेचा हुकूम, असं तिनं सांगितलं. "बांधलं मीच," ती म्हणाली. "त्या पडतील म्हणून. मला माहीत होतं चुकतंय ते."

निकाल अडीच वर्षांनी लागला. हलगर्जी आणि गैरवागणूक दोन्ही सिद्ध झाल्या, भरपाई द्यायचा हुकूम झाला, आणि तपासणी यापुढे न कळवता करायची असं खात्याला बजावलं गेलं. फौजदारी खटला अजून चालू आहे. निवासानं अपील केलंय आणि दारावरची पाटी बदललीय. व्यवस्थापिका आता 'संचालिका' आहे.

निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर भाचा मावशीशेजारी बसला. "मावशी, तू मला माफ केलंस?"

"नाही," मावशी म्हणाली. मग जरा सरकून तिनं त्याला सावलीत जागा करून दिली.