अलका गायधनींची रायफल

कतारमधल्या अल वक्र्याच्या आमच्या कंपाउंडमध्ये अलका गायधनी पुरणपोळ्यांसाठी प्रसिद्ध होत्या. त्यांना स्वतःला पुरणपोळी आवडत नसे, पण ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. मंडळाचा गणपती असो, कुणाचं डोहाळजेवण असो, नाहीतर कुणाच्या साहेबाला काहीतरी आपलं गोड खायला घालायचं असो, फोन अलकाताईंना जायचा. लाटून लाटून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं मूळ कायमचं दुखरं झालं होतं. डॉक्टर म्हणाला, हाताला विश्रांती द्या. अलकाताईंनी हाताला रायफल दिली.

ते झालं असं. त्यांचे यजमान संजीवराव एका नव्या स्टेडियमच्या एसीचं काम बघायचे. घरात एसी विसाच्या खाली गेला की बिलावरून कटकट करणारा हा माणूस वर्ल्ड कपसाठी एक अख्खं उघडं मैदान गार करायला दिवसभर खपत असे. वर्ल्ड कप अजून तीन वर्षं लांब होता, पण संजीवरावांच्या बोलण्यावरून तो येत्या गुरुवारीच असावा असं वाटे. मुलगा कैवल्य कॅनडात. घरी अलकाताई, वॉशिंग मशीन आणि दुपार.

त्या हिवाळ्यात मंडळाची सहल वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका शूटिंग क्लबात गेली. पुरुषांनी आधी पुढे होऊन भाड्याच्या रायफली चालवून पाहिल्या. लक्ष्याच्या कागदावर एकाचंही भोक पडलं नाही, तेव्हा वाऱ्याला दोष देण्यात आला. मैदान चहूकडून बंद होतं. मग कुणीतरी गंमत म्हणून म्हणालं, "वहिनी, तुम्ही बघता का?" अलकाताईंनी पदर खोचला, पालथ्या पडल्या, आणि पाच गोळ्या एका बांगडीत मावतील अशा मारल्या.

"अगं, हे कधी?" संजीवराव म्हणाले.

"एनसीसीत. नाशिकला. कॉलेजला असताना."

"तीस वर्षांत बोलली नाहीस!"

"तुम्ही तीस वर्षांत विचारलंत कुठे?"

क्लबातल्या बायकांच्या विभागाची मुख्य रबिया नावाची मोरोक्कन बाई होती. ती तो कागद उलटसुलट बघत राहिली आणि म्हणाली, "मदाम, तुम वापस आना." अलकाताई दर शनिवारी जायला लागल्या. पण भाड्याच्या रायफली पडल्या लांब हातांच्या माणसांच्या मापाच्या. शिवाय प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढावा लागे, आणि तिथे अंगठा कळवळायचा. रबियाने उपाय सांगितला: सेमी-ऑटोमॅटिक घ्या. एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपसूक जागेवर येऊन बसते. अंगठ्याला काम नाही.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला पाटल्या करायचं ठरलं होतं. अलकाताई म्हणाल्या, "पाटल्या नकोत. रायफल हवी."

संजीवरावांच्या हातातला घास हातातच राहिला. "तू माझ्या व्हिसावर आहेस, माहिती आहे ना? तू काही केलंस तर मला पाठवतील परत. माझे डक्ट अर्धे राहतील!"

"मी कागदाला भोकं पाडणार आहे, अहो. तुमच्या डक्टला नाही."

क्लबाचे नियम भलतेच कडक होते. रायफल क्लबामार्फतच घ्यायची, ती क्लबाच्याच तिजोरीखोलीत राहणार, घरी नेण्याचं नाव काढायचं नाही. गोळ्या मोजून मिळणार, रिकामी पुंगळी न् पुंगळी परत करायची. आधी कच्ची परवानगी, सहा महिन्यांनी परीक्षा. पास झालात तर रायफल तुमची, नाहीतर दुकानदाराला परत. आणि या सगळ्याच्या आधी, बाई नवऱ्याच्या व्हिसावर असल्यामुळे, नवऱ्याच्या कंपनीची एनओसी. आखातात एनओसीवाचून पान हलत नाही, पण बायकोच्या बंदुकीसाठी ती मागायला आलेला संजीवराव हा पहिलाच नवरा.

दोहाच्या वेस्ट बे भागातल्या संजीवरावांच्या ऑफिसातल्या मल्याळी एचआर मॅनेजरने अर्ज वाचला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "संजीव सर, घर में सब ठीक है ना?"

एनओसी मिळाली. त्या आठवड्यापासून ऑफिसातले लोक संजीवरावांशी फार मायेने बोलायला लागले. डब्यात कारलं आहे असं ते एकदा बोलून गेले, तर शेजारच्या टेबलावरचा इंजिनियर घाईने म्हणाला, "पण सर, खाऊन टाका हं."

कैवल्यचा कॅनडाहून मेसेज आला: "आई, सो कूल! बट व्हाय?" त्याला अलकाताईंनी अंगठा पाठवला.

रायफल आली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आखूड, त्यांच्या हातांच्या मापाचा. सहा महिने अलकाताई आठवड्यातून दोनदा मेट्रो आणि टॅक्सी करत तिला भेटायला जात. ज्या बाईला घरातला मिक्सर दुसऱ्याने वापरलेला खपत नसे, तिची सगळ्यांत आवडती वस्तू दुसऱ्याच्या कुलपात राहत होती. त्या तिच्याबद्दल कुणापाशी फारसं बोलत नसत. फक्त पोळ्यांचे फोन आले की "शनिवारी जमणार नाही हं" असं म्हणताना त्यांचा आवाज हसरा असे. तीस वर्षांत त्यांनी 'जमणार नाही' हे वाक्य वापरलं नव्हतं. परीक्षेत नापास झाल्या तर ते वाक्यही जाणार होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेची तारीख आली ती नेमकी दसऱ्याची. आणि नवरात्रात नाशिकहून वसंतराव आले, अलकाताईंचे सासरे, ऐंशी पार केलेले, पोस्टातून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी दसऱ्याला विळी, पक्कड आणि पोस्टाचा शिक्का यांची शस्त्रं म्हणून पूजा केली होती. सुनेने खरंखुरं शस्त्र घेतलंय म्हटल्यावर ते हरखून गेले होते.

"सूनबाई, पाटावर कुठे मांडायची ती?"

"बाबा, ती घरी येत नाही. क्लबातच असते."

"मग पूजा?"

"फोटो आहे मोबाइलमध्ये."

"देवाचा फोटो चालतो. शस्त्राचा कसा चालेल? उद्या वेळेला फोटोने मारशील?"

"बाबा, मारायचं कुणालाच नाहीये," संजीवराव आतून ओरडले. "आणि क्लबात पूजाबिजा काढू नका! नोकरी आहे माझी!"

वसंतराव गप्प बसले, पण दसऱ्याच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तांदळाला हळद लावली आणि अक्षता, कुंकू, एक झेंडू अशी पुडी अलकाताईंच्या पर्सजवळ ठेवली. अलकाताई म्हणाल्या, "बाबा, तिच्यात धूळसुद्धा चालत नाही." पण पुडी घेतली. सासऱ्यांचं मन मोडायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पूजा न करता परीक्षेला बसायला त्यांचंही मन धजेना.

दुपारी तिघे क्लबात पोहोचले. ऑफिसात दाढदुखी सांगून आलेले संजीवराव आणि धोतरावर कोट घातलेले वसंतराव काचेमागच्या बाकावर बसले. अलकाताई साफसफाईच्या खोलीत गेल्या. रायफल टेबलावर होती. नियमाप्रमाणे बोल्ट मागे ओढलेला, गोळीची जागा उघडी, आणि ती रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून तिच्यात केशरी प्लास्टिकची पट्टी खोचलेली. अलकाताईंनी पुडी काढली. कोपऱ्यात तेल पुसत असलेल्या रबियाने ते पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मैं कुछ नहीं देखा. यल्ला, जल्दी."

अलकाताईंनी ठरवून फक्त लाकडावर, तेही दस्त्याच्या टोकाला, कुंकवाचं एक बोट लावलं. झेंडू बाजूला टेबलावर ठेवला. हात जोडले. कुंकू ओल्या फडक्याने लगेच पुसून टाकलं. सगळं शिस्तीत झालं. फक्त मध्ये कुठेतरी, कुंकवानंतर आणि हात जोडण्याआधी, त्यांच्या उजव्या हाताने चिमूटभर अक्षता वाहिल्या. तीस वर्षांची सवय, हाताने त्यांना विचारलंच नाही. चार दाणे टेबलावर सांडले, ते त्यांनी वेचले. बाकीचे कुठे गेले हा प्रश्न त्यांना पडला नाही. बोल्ट मिटलेला असता तर काही बिघडलं नसतं. नियम पाळला म्हणूनच ती उघडी होती.

परीक्षक अबू नासर, लष्करातून निवृत्त झालेले, अंगात पायघोळ पांढराशुभ्र थोब, भुवया दाट. आखातातल्या जुन्या माणसांसारखं हिंदी त्यांना कामापुरतं येत होतं आणि हसू तेवढंही येत नव्हतं. नळी कुठे, बोट कुठे, नजर कुठे, प्रत्येक हालचाल ते बघत होते. अलकाताईंनी पहिली गोळी मारली. मधोमध. दुसरी, तिच्याच शेजारी. तिसरी. काचेमागे वसंतराव मांडीवर ताल देत होते. चौथीला घोडा दाबला आणि काहीच झालं नाही.

अशा वेळी नवखा माणूस काय करतो, तर रायफल वळवून आत काय झालंय ते बघतो, आणि तिथेच त्याची परीक्षा संपते. अलकाताईंनी बोट बाहेर काढलं, नळी लक्ष्याकडेच रोखून ठेवली आणि डावा हात वर केला. घामाचा थेंब नाकावर आला, तो तिथेच राहू दिला.

अबू नासर आले. त्यांच्या सांगण्यावरून अलकाताईंनी मॅगझिन काढलं, बोल्ट ओढला, रायफल कलती केली. न सुटलेली गोळी चटईवर पडली. तिच्यामागून एक पिवळा तांदूळ पडला. मग आणखी एक.

अबू नासर वाकले, तो दाणा बोटावर घेतला, वास घेतला.

"मजबूस?" ते म्हणाले. मजबूस म्हणजे इथला घरोघरचा पिवळा मसालेभात. "तुम इदर खाना खाया?"

गोळीबाराच्या रेषेवर खाणं म्हणजे मोठा गुन्हा. अलकाताईंनी वर पाहिलं. काचेमागे संजीवराव उभे राहून पाची बोटं एकत्र करून तोंडाकडे नेत होते: हो म्हण, खाल्लं म्हण! त्यांच्या शेजारी वसंतराव डोळे मिटून हात जोडून उभे होते. रबिया छताकडे बघत होती.

खाल्लं म्हटलं तर नियम मोडला. पूजा केली म्हटलं तर काय होईल, देव जाणे. पण स्वतःच्या रायफलवर बसून जेवणारी बाई म्हणून ओळखलं जाणं, हे अलकाताईंना दोन्हींहून वाईट वाटलं.

"खाया नहीं," त्या म्हणाल्या. "आज हमारे यहाँ जो भी काम की चीज़ है, उसको साफ करते हैं और शुक्रिया बोलते हैं. दर्जी मशीन को, बढ़ई करवत को. फूल रखते हैं, थोड़ा चावल डालते हैं. मैंने किया. चावल मेरे हाथ से अंदर गया. मेरी गलती."

अबू नासरांनी बोटावरचा दाणा पुन्हा एकदा निरखून पाहिला.

"ड्रायवर भी करता?"

"हाँ जी. गाड़ी को."

"पहिया के नीचे लेमन रखता? काच पर लाल लगाता?"

"हाँ!"

अबू नासरांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. त्यांचा ड्रायव्हर तमिळ होता. दर वर्षी याच सुमाराला त्यांच्या लँड क्रूझरखाली लिंबं फुटलेली सापडत आणि काचेवर लाल बोटं. आणि दर वर्षी ते त्याबद्दल धाकट्या नातवाला धारेवर धरत आले होते.

"वो बच्चा बोला, मैं नहीं किया, जद्दो, मैं नहीं किया," ते म्हणाले आणि हे जद्दो, म्हणजे आजोबा, कपाळाला हात लावून मटकन खुर्चीत बसले. त्या क्लबात अबू नासरांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं, असं रबिया नंतर सांगत होती.

पण बसून झाल्यावर ते उठले आणि पुन्हा परीक्षक झाले. रायफल अडकल्यावर बाईंनी जे केलं ते बिनचूक, ते म्हणाले, त्यात पास. रायफल साफ ठेवण्यात नापास. दुसरी संधी आत्ता, त्यांच्यासमोर. अलकाताईंनी टेबलावर रायफल भाग भाग करून सोडवली. घोड्याच्या स्प्रिंगखाली आणखी एक तांदूळ निघाला, तो अबू नासरांनी चिमट्याने उचलून टिश्यूत गुंडाळला आणि खिशात ठेवला. घरी नातवाला दाखवायला, असं ते म्हणाले. मग रायफल पुन्हा जोडून उरलेल्या गोळ्या मारायच्या. अंगठा ठणकत होता. सगळ्या आतल्या वर्तुळात गेल्या.

पक्की परवानगी मिळाली, सोबत शिक्षाही: पुढचा पंधरवडा बायकांच्या विभागातल्या भाड्याच्या सगळ्या रायफली अलकाताईंनी साफ करायच्या. "एवरीडे," अबू नासर म्हणाले. आणि रबियाला बोलावून साफसफाईच्या दारावर त्याच दिवशी पाटी लावायला सांगितली. अरबी आणि इंग्रजीत आहे: 'खाणं, पिणं, धूम्रपान आणि तांदूळ यांना मनाई.' नवे सभासद अजून ती वाचून एकमेकांकडे बघतात.

गाडीत बसल्याबरोबर वसंतरावांनी मुलाला धरलं. "काचेमागून ते तोंडाशी हात नेत काय करत होतास?"

"खाल्लं म्हण, असं सुचवत होतो. वाटलं, बिर्याणीवर निभावेल."

"दसऱ्याला? गायधन्यांच्या सुनेने? बिर्याणी?"

"बाबा, नुसतं म्हणायचं होतं!"

"म्हणायचं तर मसालेभात तरी म्हणायचास!"

संजीवराव चिडले. "आणि हे बघ, आता रोज तिथे जाऊन लोकांच्या बंदुका पुसणार तू? घरातली एक्झॉस्टची जाळी गणपतीपासून चिकट झालीय, ती कोण पुसणार?"

अलकाताई मागच्या सीटवर बसून अंगठा चोळत होत्या. त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

"तिची कुणी परीक्षा घेत नाही, अहो," त्या म्हणाल्या. "निवांत पुसा."