परशूवरचे तीन ठिपके

"हात नंतर. आधी डोळे." असं म्हणून तो दोन्ही हात पाठीमागं बांधायचा आणि लोखंडापुढं वाकायचा. म्हैस विकत घेतानाही माणूस एवढा वेळ बघत नाही.

साताऱ्याच्या संग्रहालयातला माणूस. अंगानं वाळका, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. दुष्काळ सरला त्या साली आमच्या रहिमतपुरात आला.

आमच्या देवळात एक शस्त्र होतं. पुरुषाहून उंच दांडा, एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला आकडा, वर भाल्याचं टोक. आम्ही म्हणायचो देवीचा परशू. खंडेनवमीला त्याला शेंदूर फासायचा. तो माझ्या पणज्यानं घडवला, हे आमच्या लोहाराच्या घरात पोर बोलायला लागलं की शिकायचं. देवळानं तो संग्रहालयाला द्यायचं ठरवलं, म्हणून हा बघायला आलेला. अर्ध्या तासानं म्हणाला, "विलायती वाटतोय."

मी दुसरी नापास, पण तापट. "सायेब, बुकं तुमची. लोखंड मला शिकवू नका."

"शिकवत नाही, कारागीर. शेंदूर काढू, मग तुम्हीच सांगा."

आठ दिवस तो माझ्या भात्याशेजारी बसला. कोमट गोडेतेल आणि बांबूची कामटी, दुसरं काही नाही. मी वैतागून कानस उचलली, तर म्हणाला, "आधी माझ्या नाकावर चालवा!"

खालून एक छाप निघाली. मुकुट म्हणा, फूल म्हणा, इतकी झिजलेली. "हिच्यावरून खात्रीनं काही लिहिता येणार नाही," तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला.

आणि दुसऱ्या दिवशी आकड्याच्या बुडाशी तीन ठिपके दिसले. आमच्या घराची खूण!

"बगा सायेब! हाय का न्हाई आमचा?"

त्यानं चष्मा काढला, पुसला. "म्हणजे मी चुकलो." खिशातून पेन काढून तो कागदावर लिहायला लागला. तोंडावर जरासुद्धा राग नाही. उलट खूश.

आता तुम्हाला सांगतो, जे तेव्हा मला एकट्यालाच ठाऊक होतं. नवी वस्तू घडवली, की आमचे ठिपके लोखंडात दांडा बसतो त्या तोंडाशी पडतात. मोडलेली सांधली, की सांध्यावर. माझे हात आपोआप पाठीमागं गेले. मी वाकून बघितलं. दांड्याच्या तोंडाशी काहीच नव्हतं.

"थांबा सायेब. लिहू नका."

"का हो?"

"ठिपकं सांध्यावर हायती. आकडा मोडला हुता, आमी जोडला. घडवला न्हाई."

तो बराच वेळ माझ्याकडंच बघत राहिला, लोखंडाकडं बघायचा तसा. मग पहिला कागद फाडला.

पुढं तो सांगलीला लेकाकडं गेला आणि तिकडंच वारला, असं ऐकलं. परशू काचेत आहे. खाली त्याच्या हातची चिठ्ठी, पिवळी पडलेली. एकेक अक्षर लावत वाचतो मी: "परशू, बहुधा विलायती. आकडा मोडल्यावर रहिमतपूरच्या लोहारानं जोडला. सांधा पाहावा."

परवा वाकून तोच बघत होतो, तर काचेपलीकडनं पहारेकरी ओरडला, "आवं बाबा, काचंला हात लावू नका!"

मी त्याच्याकडं पाठ केली. दोन्ही हात मागंच बांधलेले होते.