सद्याची अडचण

आमच्या घरामागील माळ्याइतका उमेदीचा मनुष्य सबंध वऱ्हाडात झाला नाही आणि त्याच्याइतका दरिद्रीही झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदत आणि एकमेकींस जुमानीत नसत. गेली तीस वर्षे हा गृहस्थ आपल्या प्रत्येक उणिवेस 'सद्या' हा एकच शब्द लावीत आला. दाराच्या जागी बांबूचा तट्ट्या, तो 'सद्या लावला जी'. तो लावला तेव्हा त्याची थोरली मुलगी पाळण्यात होती. आता तिच्या घरी पाळणा हलतो. धोतर एकच, तेही सद्या. एकदा माझ्या पाहुण्यांस आग्रहाने घरी नेऊन त्याने आंबील पुढे केली आणि म्हणाला, "सद्या एवढं घ्या, पुढच्या खेपेले पुरण करू." पाहुणे त्यानंतर सहा वेळा अमरावतीस आले आणि सहाही वेळा आंबील पिऊन, पुरणाचे वचन घेऊन परतले.

पुढे अमेरिकेतील लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्या आवारात माळ्याची झोपडी, त्या दलालाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढविल्या. जो तो ज्वारीचे शेत मोडून कपाशी पेरू लागला, ज्वारी महागली आणि माळ्याच्या घरची चूल एकवेळ झाली. त्याची कोणी दखल घेतली नाही. लढाई संपली, भाव कोसळला, दलालाच्या शेंब्या मोडीत गेल्या, तेव्हा कोठे सरकारास गरिबी नावाची वस्तू दिसली! हुकूम निघाला: तात्पुरत्या अडचणीत आलेल्यांस कचेरीतून स्वस्त ज्वारी मिळेल. ती न मिळती तर माळ्यास बायको घेऊन पोटामागे गाव सोडणे भाग होते.

अर्ज अर्थात मी लिहिला आणि 'अर्जदार कायमचा निर्धन' असे सत्य मांडले. वाचून दाखविताच सहीऐवजी निशाणीचे खुरपे काढण्यास पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

"कायमचा कावून लिवता पंत? मी का मेलो? सद्या लिवा."

"अरे, कायद्यापुढे खरे लिहावे लागते!"

"मंग खरंच लिवा ना जी."

मी चडफडत 'सध्या' लिहिले व त्याच्यासोबत कचेरीत गेलो. शिरस्तेदाराने विचारले, "मग पूर्वी सुखात केव्हा होतास?"

माळ्याने प्रामाणिकपणे बराच विचार केला. "लगनाच्या दिवशी व्हतो जी. घोडा व्हता."

कचेरी खदाखदा हसली. "हा मूळचाच गरीब, याला सवय आहे," शिरस्तेदार म्हणाला. "हुकूम पडलेल्यांसाठी आहे, पडून असलेल्यांसाठी नाही." त्याच दुपारी दलालाच्या घरी स्वस्त ज्वारीची दोन पोती उतरली.

उभा मनुष्य घसरला तर सरकार हात देते आणि जन्माचा आडवा असेल त्यास जमीन समजून तुडविते! मी सरकारास सात पत्रे लिहिली. क्षुधेस मुदतीचा कायदा लागू आहे काय, असल्यास कलम कळवावे, असे प्रत्येकात बजावले. उत्तर एकच: 'कागद दाखल.'

आठवे लिहीत असता माळी आला. बाहेर त्याची बायको गाठोडे घेऊन उभी होती. अकोल्याकडे आगगाडीच्या सडकेवर माती वाहण्यास दोघे निघाली होती.

"रागवू नोका पंत, पित्त वाढते तुमचं. एक चिठ्ठी तेवढी लिवा. शेठले म्हना, आमची झोपडी कोनाले देऊ नोका."

मी दलालाच्या नावे लिहिले. दोन ओळी, कलम नाही, धमकी नाही. त्याने खुशीत खुरपे काढले आणि बोटाची शाई केसांना पुसली.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन गेलो, तो झोपडीत आढ्यापर्यंत न विकलेला कापूस रचलेला.

"भाव आला की उचलतो पंत," दलाल म्हणाला.

त्याच्याशी भांडावयाचे मला सुचले नाही. झोपडीमागे माळ्याच्या वांग्यांच्या वाफ्यास कालपासून पाणी नव्हते. विहिरीवरून दोन घागरी ओढल्या. असली कामे मला येत नाहीत. निम्मे पाणी माझ्याच धोतरावर सांडले.